पेन्शनर डिस्का

३ मार्च

आमच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात पुन्हा तेच! चरे पडलेली डिस्क दादाने शर्टाला पुसली, मशीनमध्ये घालून कोरी केली आणि काउंटरवरच्या चळतीत परत ठेवली. अशा डिस्कांना तो 'पेन्शनर' म्हणतो. "निवृत्त झाले म्हणून काय झालं? हातपाय धड आहेत ना!" गिऱ्हाईक हसलं. मी नाही.

आमच्या वडिलांचा, अण्णांचा आवाज अशाच एका पेन्शनरवर होता.

४ मार्च

लिहूनच टाकते, नाहीतर डोकं फुटेल. घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले होते, "यानंतर आवाज राहणार नाही." म्हणून अण्णा तासभर दुकानातल्या माइकसमोर बसले. मला हाका मारल्या, दादाला शिव्या घातल्या, दोन गाणी म्हटली. डिस्क दादाने केली. कॉम्प्युटरवरची फाइलही त्यानेच उडवली — जागा हवी होती म्हणे! दोन महिन्यांनी डिस्क काढली, तर मधल्या भोकापासून कडेपर्यंत तडा. "जुनी वापरलीस?" मी विचारलं. दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "हो." बस्स. एवढंच!

अण्णा आता पाटीवर लिहून बोलतात. त्यांच्या तोंडून माझं नाव पुन्हा ऐकायला मिळणार नाही. आणि याला मी माफ करायचं?

९ मार्च

दादाची मुलगी, आमची चिमणी, संगीत विद्यालयात प्रवेशासाठी गाणं पाठवतेय. आज रेकॉर्डिंग झालं. पोरीचा गळा अण्णांवर गेलाय, हे खरं. वहिनी दारात उभी राहून डोळे पुसत होती. दादा मला म्हणाला, "डिस्क तू कर. तुझं काम नीट असतं."

करते की!

१० मार्च

केली. चळतीतली एकेक डिस्क दिव्यासमोर धरून पाहिली. एकीला भोकाशी केसाएवढी भेग. आमचं म्हातारं मशीन हळू फिरतं, त्यात ती निमूट वाजते. विद्यालयातलं नवं आहे, गरगर फिरणारं. तिथे टिकायची नाही. वर चांगल्या अक्षरात चिमणीचं नाव लिहिलं. उद्या मुदत संपते, दुसरी पाठवायला वेळ नाही.

चिमणीचा काय गुन्हा? काहीच नाही. पण दादाचा जीव तिच्यातच अडकलाय. त्याला कळू दे.

११ मार्च

डिस्क गेली. दादाने स्वतः नेऊन दिली.

१५ मार्च

फुटली! विद्यालयाच्या मशीनमध्येच तुकडे झाले म्हणे. "पुढच्या वर्षी या," असा तिथून निरोप आला. वहिनी माझ्याकडे वळली, "तुम्ही केली होती ना?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "डिस्क माझ्या चळतीतली होती. तिला कुणी काही बोलायचं नाही."

वा! आला वठणीवर. आज पोटभर जेवले.

१६ मार्च

सकाळी अण्णांनी खुणेने जवळ बोलावलं. पाटी दोनदा भरली, दोनदा पुसली.

"दादावर राग धरू नकोस. माझी डिस्क मीच वाकवून तडकवली. तो आवाज मला ऐकवेना. फाइलही मीच उडवायला लावली."

आणि मग — "तुला सांगायचं नाही म्हणून त्याला शपथ घातली होती."

चिमणीच्या दारापर्यंत जाऊन आले. आतून कडी आहे. हाक मारायला तोंड उघडलं, आवाजच फुटला नाही.