सविताचं खोडलेलं उत्तर

किनवट, शनिवार संध्याकाळ

चहासुद्धा गोड लागेना. आज दहावीला वर्गसमीकरण शिकवताना फळ्यावर माझी चिन्हं उलटी पडली. मुळं ४ आणि −३; मी लिहिली −४ आणि ३. पोरींनी निमूट उतरवून घेतली. तास संपल्यावर वह्या गोळा करताना सविताच्या वहीत खोडरबरानं घासलेली जागा दिसली. खाली पुसट ४, −३. शेजारी ताळाही केलेला, बरोबर जुळलेला!

"खोडलंस का गं?"

"मॅडम, फळ्यावर तुमी लिवलं व्हतं. मंग माजंच चुकलं असंल."

"बरं, जा," एवढंच म्हणाले मी. का? रोज ताळा करा म्हणून ओरडते कोण?

आत्ता त्या घासलेल्या जागेवर लाल पेनानं बरोबरची खूण करायला गेले. कागदच फाटला.