पळू की पाण्यात जाऊ

बाबा,

आज रविवार आहे, सुट्टी आहे, बाहेर छान गारवा आहे आणि मी घरात बसून आहे. अंगणात होडी पालथी पडली आहे, दारात पळायचे बूट आहेत आणि दोन्हींकडे पाहून मला नुसता राग येतोय. कुणावर, ते नीट सांगता येत नाही. थोडा तुमच्यावरही आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, एवढ्या वर्षांनी माणसावर काय रागवायचं, असं कुणी म्हणेल. पण ज्याच्यावर रागावलं तर घरात कुणाचा स्वयंपाक अडणार नाही, असा माणूस मला दुसरा सापडेना.

आधी होडीचं सांगते, कारण तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. कयाक म्हणतात हिला. एकाच माणसाची, प्लास्टिकची, लांबट. पाय समोर ताणून बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं आणि मधूनच गळ टाकायचा. कुठल्याशा पर्यटनस्थळावरचं बोटिंग बंद पडलं, तिथलं सामान विकायला निघालं, त्यात तुमच्या जावयाला ही दिसली. तुम्ही त्यांना पाहिलंच नाही. मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं, हिंगोलीत. मी एकदा बोलून गेले होते की धरणाच्या काठावरून गळ टाकला की मरळ कधीच लागत नाही, ती आत, गवताच्या बेटांपाशी असते. ते त्यांच्या लक्षात राहिलं. वाढदिवसाला साडी येईल असं मला वाटत होतं, तर शेजाऱ्याच्या मालरिक्षावर बांधलेली ही पिवळी होडी दारात आली. गल्ली गोळा झाली. मी इतकी हसले त्या दिवशी. आता त्या होडीवरून आमच्यात आठवडाभर अबोला झाला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मी तुमच्या डोळ्यांदेखत नर्सिंगला गेले, पण नोकरीला लागलेली तुम्ही पाहिली नाही. आता सीनियर आहे. पाळ्या असतात, त्यामुळे आठवड्यात माझ्या हक्काच्या सकाळी दोनच. आणि मला पळायलाही सकाळच लागते आणि माशांनाही सकाळच लागते. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. जरा वर आलं की डांबरावर पळणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं, आणि पाण्यावर वारं उठलं की होडी गवतापाशी थांबत नाही. पळायला गेले की वाटतं, आज पाणी कसं आरशासारखं असेल. पाण्यात गेले की वाटतं, आज मोठं अंतर राहिलं, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. दोन्ही सकाळी पळावं तर होडी उन्हात पडून राहते. दोन्ही सकाळी पाण्यावर काढाव्या तर पाय जड होतात. एकेक वाटून दिली तर दोन्हींत मी आहे तिथंच राहते. आणि अंगाचंही जमत नाही. लांब पळून आल्यावर मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतात आणि होडीत नेमकं पाय ताणूनच बसायचं असतं. वल्हं मारून खांदे धरले की दुसऱ्या दिवशी पळताना हात लाकडासारखे. वॉर्डातल्या बाया विचारतात, "सिस्टर, तुमच्या मागं कोण लागलंय म्हून पळता?" आणि मासे आणले की म्हणतात, "बाजारात भेटत न्हाईत का?" या दोन्हींना मी कधी बरं उत्तर दिलेलं नाही.

हे दोन्ही रोग तुमचे. धरणावरच्या वसाहतीतलं आपलं ते दोन खोल्यांचं घर, तुमची चौकीदाराची खाकी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी धरणाची भिंत. शाळा सुटली की तुम्ही मला भिंतीवर न्यायचे. "पळ. त्या टोकाच्या खोलीला हात लावून ये. अन् कुलूप हाय का न्हाई ते पाहून सांग मला." मी पळत सुटायची. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार, मधे मी. परत येऊन धापा टाकत सांगायची, "हाय कुलूप, बाबा." तुम्ही खाली दगडांवर गळ धरून बसलेले असायचे. मग मीही शेजारी बसायची. कणकेचा गोळा कसा लावायचा, दोरी बोटावर कशी धरायची, मासा नुसता चाटून जातोय की गिळतोय ते कसं ओळखायचं, हे सगळं तिथलं. आठवीत तालुक्याच्या शर्यतीत निवड झाली तेव्हा तुम्ही पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. मोठे झाले होते. पुढं कापूस कोंबून दिला आणि म्हणालात, "वाढशील की." त्या बुटांचा वास मला अजून येतो.

आणि त्याच दगडांवर तुम्ही मला बोललात. मी गळ धरून बसले होते, पाय हलत होते, डोळे भिंतीकडे. तुम्ही म्हणालात, "पळतानी पाण्याकडं पाहतीस, पाण्यावर बसली की पाय हालवून राहिलीस. तुझं एका जागी मनच न्हाई, पोरी. अशानं काहीच व्हायचं न्हाई तुझ्यानं." तुम्ही ओरडला नव्हता. ओरडला असता तर मी विसरले असते. साध्या आवाजात, पाण्याकडे पाहत म्हणालात, म्हणून ते खरं वाटलं. तुम्ही गेल्यावर दोन्ही सुटलं. लग्न, मुलगी, पाळ्या. चाळिशीच्या आसपास साखर काठावर आली म्हणून पुन्हा पळायला लागले. मग होडी आली. तेव्हापासून प्रत्येक सकाळी चपला घालण्याआधी तुमचं ते वाक्य माझ्या कानात वाजतं.

गेल्या महिन्यात मी ठरवलं, दोन्ही करून दाखवायचं. शनिवारी औंढ्याच्या रस्त्यावर मोठं अंतर पळाले. चांगलं पळाले, खरंच. घरी येऊन पाय गरम पाण्यात ठेवले आणि रविवारी पहाटे यांना उठवलं. यांनी डोळे चोळत शेजाऱ्याची रिक्षा काढली, होडी बांधली, आपण राहायचो त्याच धरणावर मला सोडलं आणि दुकानाचं काम आहे म्हणून परत गेले. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना मी आधीच विचारून ठेवलेलं आहे. "गळानं धरा खुशाल, फक्त जाळ्याच्या अंगानं येऊ नका," एवढंच ते म्हणाले होते.

गवताच्या बेटापाशी मी गळाला लावलेला रबरी बेडूक टाकला, ओढला, पुन्हा टाकला. आणि पाणी फुटलं. बाबा, अशी मरळ मी आयुष्यात पाहिली नव्हती. काठी वाकून पाण्याला लागली, होडीचं तोंड फिरलं, मी पाय रेटून मागं झुकले, आणि त्याच क्षणी उजव्या मांडीच्या मागं असा गोळा आला की माझ्या तोंडून आवाज निघाला. पाय दुमडता येईना, सरळ राहवेना. होडीत उठून उभं राहता येत नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं मांडी दाबून धरलेली, आणि मी मोठ्यानं शिव्या देतेय, माशाला की पायाला कुणास ठाऊक. दोरी सैल पडली, मरळ गवतात शिरली, एक हिसका बसला आणि सगळं हलकं झालं. वल्हं बाजूला वाहून गेलं होतं. वारं उठलं होतं. मी काठापासून लांब लांब चालले होते आणि रडत होते. भीतीनं नाही, संतापानं.

थर्माकोलच्या तराफ्यावर एक नवराबायको जाळं काढत होते, त्यांनी पाहिलं. बाईनं माझं वल्हं वेचून आणलं, त्यानं होडीला दोरी बांधली. "पोहता येतं का, ताई?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "मंग काहून रडून राहिलाव?" मी म्हटलं, मासा गेला. ती नवऱ्याकडे पाहून हसली, आणि मलाही जरा हसू आलं.

काठावर पिंपळाखाली एक म्हातारा शेळ्या घेऊन उभा होता. मी लंगडत बाहेर आले तसा तो जवळ येऊन माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "तू चौकीदाराची पोरगी न्हाई का?" तुमच्या जोडीला गेटवर होते ते काका. दात गेलेत, आवाज तोच. मी जयभीम केला. त्यांनी मला दगडावर बसवलं, घरून चहा मागवला. मी चिडलेलीच होते, त्या भरात सगळं सांगून टाकलं, पळण्याचं, माशाचं, आणि तुमचं ते वाक्यही. काका ऐकत होते, मग एकदम हसायला लागले, ठसका लागेस्तोवर.

"तुझा बाप असं म्हणे? अगं, त्याचंच कधी एका जागी मन होतं का! गेटवर ड्यूटी असली की डोळा गळाकडं, अन् गळ धरला की घडीघडी उठून गेट पाहून ये. साहेबाची बोलणी खाल्ली त्यानं यापायी. अन् तुला भिंतीवर पळवायचा ना, काहून पळवायचा माहीत हाय का? त्या टोकाचं कुलूप पाहायची फेरी त्याची होती. तू पळत जाऊन पाहून यायची, तो बसल्याजागी मासे धरायचा."

मी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे शर्यतीचं, सरावाचं काही नव्हतं?"

"ते मागून आलं. तू लई जोरात पळून राहिली म्हून मंग त्यालाच कौतुक वाटायला लागलं. बूट आणायला माझ्याच सायकलवर गेला होता तो हिंगोलीला."

माझा राग कमी होईल असं काकांना वाटलं असेल. तो वाढला. इतकी वर्षं मी ज्या वाक्याला निकाल समजत होते ते तुम्ही स्वतःलाच बोलत होतात, फक्त मी शेजारी बसले होते. आणि ज्या पळण्याच्या जिवावर मी मिरवते ते तुमच्या आळसातून निघालेलं. सांगायचं होतं ना मला. मी हसलेच असते. तुमची फेरी मी मागितली असती तरी केली असती.

पुढं स्पर्धा. नांदेडला, एकवीस किलोमीटर. मांडीला पट्टा बांधून गेले, जाऊ नको असं यांनी सांगितलं होतं तरी. निम्म्यावर त्याच शिरेनं धरलं. मी थांबले नाही, पण पळालेही नाही. लंगडत, चालत गेले. माझ्यामागून निघालेले म्हातारे पुढं गेले. शेवटी पोचले तेव्हा पोरं फलक उतरवत होती आणि केळ्याची सालं गोळा करत होती. थर्मास घेऊन हे एकटेच उभे होते. घरी येताना म्हणाले, "डोंगरकडा गावचं एक गिऱ्हाईक हाय. होडी मागून राहिलं."

मी तिथंच पेटले. "बूट विकू का, असं कधी विचारलं का तुम्ही?"

"बूट कोण घेतं?"

"चेष्टा करू नका."

"चेष्टा न्हाई. तू दोन्ही कर, मी कुठं न्हाई म्हणलो? पण पळायला तू एकली जातीस. होडीला मला उठावं लागतं, रिक्षा मागावी लागते, बांधावं लागतं, पुन्हा आणायला यावं लागतं. माझी पण ती एकच सकाळ असते, हे तुला कधी दिसलं का?"

त्या दिवसापासून मी बोलणंच बंद केलं. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि काही आठवडे पळणं बंद, होडी बंद, जिनाही जपून, असं सांगितलं. तेव्हापासून सकाळी जाग येते आणि मी छताकडे पाहत पडते. परवा शेवटी मीच यांच्याकडे विषय काढला. होडी विकायची नाही. काकांच्या गोठ्यात जागा आहे, ते म्हणाले होते, ठेव इथं. पाय बरा झाला की होडी धरणावरच राहील, मी माझी सकाळच्या बसनं जाईन, तुम्ही झोपा. हे म्हणाले, "झोपतो." मग जरा वेळानं म्हणाले, "कधीमधी येईन सोबत. बराबर चहा घेऊन."

तर असं ठरलंय. एक सकाळ रस्त्याला, एक पाण्याला. यातून मी कधी चांगली पळणारी होणार नाही आणि चांगले मासेही धरणार नाही, हे मला दिसतंय, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही. शहाणपण वगैरे काही आलेलं नाही. ती मरळ गेली म्हणून जीव अजून जळतो आणि माझ्यापुढं गेलेले ते म्हातारे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. तुमचे जावई उठले की चहा होईल आणि मी ते गादीखाली सारून देईन. पण एक सांगून टाकते, बाबा. तुमची फार आठवण येते म्हणून मी लिहायला बसले, असं मी सुरुवातीला स्वतःला सांगितलं होतं. ते खोटं आहे. पाय बरा असता तर मी आत्ता कुठंतरी बाहेर असते आणि आजच्या दिवसात तुमची आठवण एकदाही आली नसती.