लिंबूटिंबूची ओळ

५ जून

या घरात माझ्या हातचं काय काय आहे, ते आधी लिहून ठेवतो. कॉम्प्युटरचं टेबल: अठरा मिलिमीटरचा प्लाय, कडांना लाकडी पट्टी, खिळा शोधून दाखवा. चपलांचं कपाट. स्पीकरच्या दोन पेट्या. वीज गेली तरी मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा खोका. आणि खुद्द कॉम्प्युटर, भंगारातून एकेक भाग निवडून उभा केलेला. कुठे शिकलात, असं लोक विचारतात. कुठेच नाही. उघडून बघत गेलो.

काल इथे राहायला आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, भरपूर उजेड. शीतगृहातली यंत्रं सांभाळायची नोकरी, सकाळची पाळी, दुपारी घरी. ही खूश आहे. मी सामान लावत बसलो तर म्हणाली, एकदाची खिळ्यांची हजेरी घेऊन टाका, म्हणजे मला पानं वाढता येतील.

इंटरनेटची तार या गल्लीत अजून पोचलेली नाही. माझं काही अडत नाही. जुन्या घरी असताना उतरवून ठेवलेले खेळ म्हातारपणापर्यंत पुरतील. बाहेरचं वारंसुद्धा लागू न देता खेळायचं, यात एक वेगळी मजा आहे.

९ जून

हिला कॉम्प्युटरचं वावडं. पण आज एका खेळाने तिला खुर्चीत बसवलं. नाव ‘लपंडाव’. करड्या रेषांचं घर, त्यात आपण लपायचं. राज्य कायम मशीनवर. सगळं मराठीत, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही. हा मी कधी उतरवला ते आठवत नाही. एवढ्या ढिगात एखादा विसरला जाणारच.

खेळाने एकच नाव मागितलं. हिने स्वतःचं घातलं. मी शेजारी बसून बघत होतो. राज्य असलेला माणूस, म्हणजे नुसती एक उंच काळी आकृती, तिच्या समोरून जातो आणि तिला पाहत नाही. सगळे डाव हीच जिंकली. मला म्हणाली, बघा, तुम्ही उगाच मला अडाणी समजत होता.

१२ जून

जिंकण्याचं कारण सापडलं. खेळाची फाइल उघडली. हिच्या नावाखाली एक ओळ होती: लिंबूटिंबू – हो.

लहानपणी धाकट्या भावंडांना आम्ही असंच खेळायला घ्यायचो. पळायचं, लपायचं, पण बाद व्हायचं नाही आणि राज्यही यायचं नाही. लिंबूटिंबूला सगळं माफ. पण चाळिशी ओलांडलेल्या बाईला? ही म्हणाली, असू द्या की, तुमचं काय जातंय. मला असलं फुकटचं जिंकणं खपत नाही. ओळ पुसून टाकली. आता खरा खेळ.

१४ जून

खेळातलं घर बदललं आहे. त्यात माझं टेबल आहे. डाव्या कडेची पट्टी केसभर आखूड पडली होती, तिथली फट मी लांबीचा लगदा भरून झाकली होती. मी सोडून ते कुणाला ठाऊक नाही. पडद्यावरच्या टेबलाची पट्टी तेवढीच आखूड.

मशीनला कॅमेरा नाही. तार नाही. मीच जोडलं आहे, मला माहीत आहे.

१५ जून

हिने आज मशीनला हात लावला नाही. खेळ आपोआप सुरू झाला. आकृती स्वयंपाकघरात गेली आणि एका खांद्यावर हात ठेवला. त्याच वेळी आतून हिचा आवाज आला, तुमचा हात एवढा गार कसा?

मी इथे खुर्चीत होतो.

पडद्यावर आलं: एकदा सापडली. तीनदा सापडली की बाद.

१६ जून

पुसलेली ओळ परत लिहिली. राहत नाही. उत्तर आलं: डाव सुरू झाल्यावर नियम बदलत नाहीत.

मग मशीन सरळ बंद केलं. बॅटरीची वायरही उपटली. ही गॅसपाशी उभी होती, म्हणत होती, “अहो, तेवढं दूध –”

आणि थांबली. ओठ उघडे, डोळे उघडे. श्वास नाही. हलवलं, हाका मारल्या. दूध उतू गेलं, बर्नर विझला. धावत जाऊन मशीन चालू केलं.

“– बघा ना,” ती म्हणाली. आणि मग, अगंबाई, हे कधी उतू गेलं?

तिला काही सांगितलं नाही. मशीन आता बंद करायचं नाही. कधीच.

१८ जून

दुसऱ्यांदा. न्हाणीघराच्या दारात. तिच्या मानेवर चार बोटं उमटली आहेत, निळसर.

सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. हसली नाही. म्हणाली, ती ओळ राहू द्या म्हटलं होतं मी. एवढंच. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

तिला पाठवून दिलं. कुठे, ते इथेही लिहीत नाही. तुम्हीही चला म्हणत होती. मशीन चालू कोण ठेवणार?

२० जून

पडद्यावर तो तिला शोधतो आहे. कपाटं उघडतो, पलंगाखाली वाकतो. सापडत नाही. खेळातलं घर उंबऱ्याशी संपतं – त्याला बाहेर जाता येत नाही.

कामावर गेलेलो नाही.

२१ जून

तारवाला आला. गल्लीत इंटरनेट आलं म्हणे. पहिल्यांदा दारात उभं राहून कुणाला तरी हाकललं. तो म्हणाला, काका, सगळ्यांनी घेतलंय, तुमच्याच घराला काय सोनं लागलंय? त्याला कसं सांगू, की ती तार आत आली तर हा बाहेर –

मागे वळून पाहिलं. पडद्यावर तो दाराकडे तोंड करून उभा. ऐकत होता.

२२ जून

त्याने शोधणं थांबवलंय. माझ्याकडे बघतो.

हिच्या नावाखाली माझं नाव आलंय. मी घातलेलं नाही.

२३ जून

त्याने विचारलं. पडद्यावर – ती कुठे आहे ते सांग. तू लिंबूटिंबू. कायमचा.

‘नाही’ दाबलं.

मग आकडा आला. नुसता. एकतीस. कसले ते लिहिलं नाही – वर्षं असावीत – एवढी मला आणखी –

पुन्हा ‘नाही’.

आता तीस. त्याने भिंतीकडे तोंड केलंय. डोळे झाकलेत. मोजतोय. एकोणतीस –

मी लपणार नाही. इथेच बसून लिहितो, नीट लिहितो, म्हणजे तिला कळेल – तिची जागा मागत होता, दिली नाही. एकतीस देत होता. पूर्ण एकतीस, आणि मी नाही म्ह