उपाशी पेशी

२८ ऑगस्ट
आईनं दशलक्षण पर्वाचे दहा उपवास धरले. निव्वळ पाण्यावर! कारण मी.

काल जेवताना भरतेशनं खोचून विचारलं, "अक्का, चार वर्षं उंदरांच्या लिव्हरात काय शोधतीयास?" धाकटा भाऊ, पण जीभ मोठी. सांगितलं — पेशी उपाशी राहिली की आपल्याच आतला चरबीचा थेंब पिशवीत गुंडाळते, पचवते, त्यावर जगते. आई म्हणाली, "मग उपास केल्यावर माज्या लिवरची चरबी बी जाईल की गं?" मी म्हटलं, जाईल. तिला माझं काम कळलं म्हणून हुरळलेच मी!

१ सप्टेंबर
पाचवा दिवस. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, बायका येऊन आईच्या पाया पडून गेल्या. "चंपाबाईंचं तेज बगा!" मला तिचे डोळे पिवळे वाटले. ट्यूबलाइटमुळे असेल.

२ सप्टेंबर
ट्यूबलाइटमुळे नव्हतं.

४ सप्टेंबर, मिरज
दवाखाना. आई मला ओळखत नाही. डॉक्टर भडकले — "लिव्हर दगड झालंय! अशा पेशंटला दर दोन तासांनी भरवायचं असतं. उपवास कुणी सांगितला?" भरतेश माझ्याकडे बघत होता. मी भिंतीकडे.

मागच्या वर्षीच्या सोनोग्राफीत नुसती चरबी होती. त्याच भरवशावर बोलले. माझे उंदीर तरणे, चरबी दोन महिन्यांची. कडक झालेल्या लिव्हरात ती पिशवी धड बनत नाही. उपाशी शरीर अंगावरचं मांस खात सुटतं. हे मी वाचलंय. परीक्षेत लिहिलंय! पुन्हा तपासून घेऊ, एवढंही सुचलं नाही मला.

६ सप्टेंबर
अनंत चतुर्दशी. उद्या पारणं. नळीतून दूध चाललंय. उपयोग नाही म्हणतात.

९ सप्टेंबर
आई गेली. भरतेश एवढंच म्हणाला, "तुज्या शिक्षणानं खाल्लं तिला." खरं आहे. प्रबंधाची फाइल उघडवत नाही. पुन्हा कधी उघडेन असं वाटतही नाही.

१४ सप्टेंबर
तिचा जपमाळेचा डबा आवरला. तळाशी घडी घातलेला रिपोर्ट. सांगलीचा, यंदाच्या १२ जूनचा. लिव्हर कडक झाले आहे. उपवास पूर्ण वर्ज्य. खाली — "मला मराठीत समजावून सांगितले." आईची सही.

म्हणजे त्या दिवशी ताटावर बसून मला विचारलं, तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

भरतेशला दाखवणार नाही. त्याच्यासाठी दोष माझाच राहू दे.