गच्चीवरचा बिबट्या

रविवार, संध्याकाळ

ह्यांचा कॅमेरा ठरला एकदाचा. जंगलात झाडाला बांधायचा, जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा. दुकानदारानं दोन दिले, वापरून बघा म्हणून. मग गच्चीवर बिबट्या कोण होणार? मीच! दुखऱ्या गुडघ्यांनी रांगले, वर ह्यांचं, "काहून पळून राहिली वं? बिबट्या असा पळत नाही." महागड्याला जाग येईस्तोवर मी पुढे, फोटोत नुसतं ओढणीचं टोक. स्वस्तातल्यात मी अख्खी, हसताना, केस न् केस स्पष्ट. तोच घ्यायचा.

इतक्या वर्षांत ह्यांनी मोर काढले, हरणं काढली. माझा असा फोटो? एकही नाही.

मघाशी कार्ड रिकामं करायला हे बसले. ओढणीचं टोक पुसलं. माझ्या फोटोवर येऊन थांबले. चहा गार झाला, तरी पुसला नाही.