अर्धं छप्पर उघडं असताना

डुलूथ, मंगळवार

प्रिय लोरेटा,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच.

मार्नीताईच्या छपराच्या एका बाजूच्या जुन्या डांबरी पट्ट्या आम्ही दोघांनी उपटल्या आणि तेवढ्यात सरोवरावरून काळं आभाळ चढलं. ताडपत्री ओढताना पाय घसरला आणि मी कडेवरून खाली लोंबकळलो. कमरेच्या दोरानं तारलं.

"मेल्या, लटकलाच आहेस तर ते टोक धर!" तुझी नणंद वरून ओरडली. मी धरलं, तिनं खिळे ठोकले. घरात थेंबही आला नाही. गुडघा सोलवटलाय, एवढंच.

खाली उतरल्यावर मात्र ती माझा हात सोडेना. हार्लनभावोजी गेल्यापासून ती आज पहिल्यांदा रडली.

तुझा खोकला कसा आहे? दुसरी बाजू ती एकटीच करीन म्हणते, म्हणून मी थांबतोय. रागावू नकोस.

तुझाच,
वेंडेल