द्वारकेचा ठराव

रवि., २४ नोव्हेंबर
पोह्यांनंतर घरची सभा. अध्यक्षस्थानी नेहमीप्रमाणे सासरे, अण्णा, हातात चमचा. नवऱ्याने, सुधीरने, ठराव मांडला: आपण सरकारी क्वार्टर सोडून मार्चमध्ये दिल्लीच्या पार टोकाला, द्वारकेच्या सोसायटीत राहायला जावं. होकार पंधरा डिसेंबरच्या आत कळवायचा, नाहीतर फ्लॅट वेटिंगवरच्या माणसाला.

मी विरोधात. पाणी टँकरचं, बसचा पत्ता नाही, संध्याकाळी कोल्हे ओरडतात म्हणे. मुक्ताने विचारलं, "कोल्हे म्हणजे लोमडी ना?" अकरावीत आहे कन्या.

मी संसदेच्या सचिवालयात, चर्चा लांबवायच्या सगळ्या युक्त्या माझ्याच टेबलावरून जातात, मग घरी का सोडू? आधी हरकत घेतली, ठरावाची नोटीस वेळेत नव्हती. अण्णांनी फेटाळली. मग म्हटलं, ठराव जनमतासाठी पुण्याला वन्संकडे पाठवावा. सुधीर हसायला लागला. शेवटी चर्चा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब. मजा आली.

गुरु., २८
उद्या खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या, सदस्यांचे ठराव. धोतरवाले म्हातारे खासदार कागद बघायला आले. विषय: छोट्या स्टेशनांवर पिण्याचं पाणी. कितीतरी अधिवेशनं चिठ्ठीत नाव निघायची वाट बघत होते, आता निघालं. मी म्हटलं, मंत्री आश्वासन देतील आणि ठराव मागे घ्यायची विनंती करतील. "तो ले लेंगे वापस, बेटी. सब लेते हैं."
खरंय. सगळेच घेतात.

शुक्र., २९
म्हातारबा छान बोलले. मंत्री म्हणाले, सहानुभूतीने विचार करू, ठराव मागे घ्यावा. म्हातारबा उठले, म्हणाले, घेतो. अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, मागे घ्यायला सभागृहाची परवानगी आहे? या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. आज मागच्या बाकावरून एक तरुण सदस्य म्हणाला, "नहीं."

एक जरी 'नाही' आलं तरी ठराव मताला टाकावा लागतो. टाकला. आवाजी मतदानात पडला. गॅलरीत बसून मला फार वाईट वाटलं.

बाहेर गाठ पडली तर स्वारी खुशीत. "गिर गया, बेटी. मगर सदन ने गिराया. वापस लेता तो मैं ही पोटली बाँधकर घर ले जाता." तो कोण होता, विचारलं. "पता नहीं. उसको चाय पिलानी है."

शनि., ३०
ऑफिसला सुट्टी. सुधीरबरोबर द्वारका. नुसती धूळ, विटांचे ढीग, डोक्यावरून विमानं. चौथा मजला, लिफ्ट यायचीये. सुधीरने थर्मासमधून चहा आणला होता. मोकळ्या स्वयंपाकघरात उभा राहून सांगत होता, ओटा इथे, खिडकी पूर्वेला, तुझा पाटा-वरवंटा या कोपऱ्यात. मला वाटायचं पाटा-वरवंटा त्याला अडगळ वाटतो.

बाल्कनीत ऊन होतं. तिथे चहा घेतला. छान वाटलं, पण बोलले नाही. इतके दिवस विरोधी बाकावर बसल्यावर एकदम कसं बोलणार? मी गप्प म्हणजे नाराज, असा त्याने अर्थ काढला असणार.

रवि., १ डिसेंबर
पोहे. सभा. मी मुद्दे तयार ठेवले होते, टँकरपासून सुरुवात करणार होते. त्याआधीच सुधीर उठला. "ठराव मागे घेतो. तुला नको तर नको, यार. राहू इथेच." रागाने नाही, अगदी साधेपणाने बोलला. म्हणून जास्त लागलं.

अण्णांनी रीतीने विचारलं, "परवानगी आहे?" मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. मी जिंकले होते, फक्त गप्प बसायचं होतं. पण डोळ्यासमोर तो आला, रिकाम्या स्वयंपाकघरात पाट्याची जागा दाखवणारा. हा आता कधी द्वारकेचं नावही काढणार नाही, आणि ते न काढलेलं नाव मला जन्मभर ऐकू येत राहील.

"नाही," मी म्हटलं.

सुधीरला कळेना. "अगं, तूच विरोधात आहेस ना?"
"आहे. पण मागे घ्यायचा नाही. मताला टाका."
अण्णा खूश झाले, चमचा आपटला. "ठरावाच्या बाजूने जे असतील त्यांनी..."

तेवढ्यात नळाला पाणी आलं. सकाळपासून नव्हतं. मुक्ता बादल्यांकडे, सुधीर गच्चीवर टाकीकडे, मी पिंप धुवायला. गणपूर्तीच गेली. अण्णा एकटेच बसून राहिले, म्हणाले, ठराव पटलावर आहे, विसरू नका.

दुपारपासून मुक्ताचं टुमणं चालू आहे, "आई, बता ना, तू काय म्हणणार होतीस?" सांगितलं नाही. मलाच अजून नक्की माहीत नाही.

सुधीर आता पाटा बाहेर काढून घासतोय. का, ते मी विचारलेलं नाही.